कर्करोग-संशोधनाचे शिक्षण आणि आपली मुले

(मंडळाच्या हर्नडन येथील वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला कर्करोगाविषयी बोलण्याची विनंती केली, तेव्हा आहार, व्यायाम, तंबाखू आणि वेळेवर करावयाच्या तपासण्या यांविषयी मी चार हिताच्या गोष्टी सांगाव्यात अशी त्यांची अपेक्षा असावी. त्यांतल्या काही मी शेवटी सांगेनच. डॉक्टरला बोलावल्यावर तेवढी वसुली श्रोत्यांनी करायलाच हवी. परंतु आज मला मुख्यतः कर्करोगावरील संशोधनाचे शिक्षण आणि त्या शिक्षणाकडे पाहण्याची आपल्या घरांतील दृष्टी याविषयी बोलायचे आहे.

प्रथमच स्पष्ट करते की मी संशोधक नाही. महाराष्ट्रात एम.बी.बी.एस. केले, या देशात येऊन पुन्हा तीन वर्षे रेसिडेन्सी केली आणि तेव्हापासून रुग्ण तपासते आहे. प्रयोगशाळेतून जे बाहेर येते ते मी वापरते. ते तयार कसे होते, कोणाच्या जिवावर होते, याचा विचार करण्याची सवड मला कधी झाली नाही. ती सवड माझ्यापेक्षा तीस-पस्तीस वर्षांनी लहान असलेल्या एका मुलीने मला काढायला लावली.

ही मुलगी आपल्याच मंडळातील एका घरची. तिची परवानगी घेऊन मी हे सांगत आहे. नाव मात्र सांगणार नाही, कारण तशी तिची अट आहे. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी तिच्या आईचा फोन आला. "ताई, जरा घरी येऊन जा. पोरगी मेडिकलला जात नाही म्हणते. कॅन्सर बायॉलॉजीत पीएच.डी. करते म्हणते. तुम्हीच तिला समजावून सांगा." मी गेले, आणि खरे सांगायचे तर समजावण्याच्या पूर्ण तयारीनिशीच गेले.

वडिलांचे म्हणणे मी आजही विसरलेले नाही. ते म्हणाले, "ताई, माझा बाप तापाने फणफणत दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. डॉक्टरने नाडीला हात लावला नाही. औषधाची पुडी वरून टाकली. माझ्या पोटची मुलगी डॉक्टर व्हावी, ही माझी हौस नाही." यावर कोणी काय बोलावे? आपल्या घरांत डॉक्टर या शब्दाला जो मान आहे तो पैशामुळे आलेला नाही. ज्या हातांनी आपल्याला स्पर्श नाकारला, तो हात आपल्या लेकराचा व्हावा, अशी ती इच्छा आहे. त्यामुळे मुलगी मेडिकलला जात नाही म्हणते, तेव्हा आईवडिलांना ती दाराशी आलेली गोष्ट परत पाठवीत आहे असे वाटते. तिला पाच-सहा वर्षे नळ्या आणि उंदीर यांच्यात घालवायची आहेत, हे त्यांना कळत नाही. मलाही कळत नव्हते.

मुलीने वाद घातला नाही. तिने मला एवढेच विचारले, "मावशी, मी उन्हाळ्यात ज्या पेशींवर काम केलं ना, त्या एका बाईच्या आहेत. ती आपल्या व्हर्जिनियाचीच होती. तिला कोणी विचारलं नव्हतं. तुम्हाला माहीत आहे?" मला नाव माहीत होते, गोष्ट अर्धवट माहीत होती. त्या रात्री घरी येऊन मी ती पुरती वाचली.

आपण बसलो आहोत तेथून मोटारीने दक्षिणेकडे तीन-साडेतीन तासांवर हॅलिफॅक्स काउंटीत क्लोव्हर नावाचे खेडे आहे. तंबाखूचा मुलूख. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीचे बालपण तेथे गेले. जन्म १९२० चा, रोअनोक शहरातला; आई ती चार वर्षांची असताना वारली आणि मुलीला आजोबांकडे क्लोव्हरला ठेवण्यात आले. ते घर म्हणजे एके काळची गुलामांची लाकडी खोली होती. तंबाखूच्या शेतात राबत ती मोठी झाली. १९४१ साली नवऱ्यापाठोपाठ बाल्टिमोरजवळ आली. नवरा पोलादाच्या कारखान्यात कामाला होता. कापडगिरणीत आलेल्या आपल्या आजे-पणज्यांची आठवण येथे कोणाला झाली, तर ती चुकीची नाही.

१९५१ च्या आरंभी, पाचव्या बाळंतपणानंतर काही महिन्यांनी, ओटीपोटात गाठ लागते आणि रक्त जाते म्हणून ती जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेली. गरीब कृष्णवर्णीयांवर उपचार करणारी रुग्णालये तेव्हा थोडी होती. तेथेही त्यांचे कक्ष वेगळे होते. निदान झाले गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे. रेडियमचा उपचार करताना गाठीचा एक लहानसा तुकडा काढून वरच्या प्रयोगशाळेत पाठविण्यात आला. तिला विचारले नाही, सांगितलेही नाही. त्या काळी असे विचारण्याची पद्धतच नव्हती, हे खरे आहे. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी, वयाच्या ३१ व्या वर्षी ती मरण पावली आणि क्लोव्हरला तिला पुरले. त्या जागेवर नावाचा दगडही नव्हता. दगड बसला २०१० साली.

तो तुकडा ज्यांच्याकडे गेला त्यांचे नाव जॉर्ज गाय. आडनावाचा उच्चार आपल्या गाईसारखाच आहे. माणसाच्या पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवण्याच्या ध्यासाने हा मनुष्य आणि त्याची पत्नी मार्गारेट वर्षानुवर्षे खपत होती. पेशींना खाऊ घालण्यासाठी कोंबडीच्या रक्तातील द्रव, वासराच्या गर्भाचा अर्क आणि बाळंतिणींच्या नाळेतील रक्त असे मिश्रण ते वापरीत. नळ्या सावकाश फिरत्या ठेवणारे यंत्र गाय यांनी स्वतः बनविले होते. एवढे करूनही माणसाच्या पेशी काही दिवसांत मरत. हेन्रिएटाच्या पेशी मेल्या नाहीत. साधारण दर चोवीस तासांनी त्या दुप्पट होत गेल्या. नाव आणि आडनाव यांची पहिली अक्षरे घेऊन त्यांना 'हेला' म्हटले गेले. पुढे वर्तमानपत्रांतून 'हेलन लेन' असे भलतेच नाव पसरले. त्यामुळे जगभर पेशी पोहोचल्या, पण बाई कोण हे कोणाला कळले नाही.

आता याच गाय यांच्या प्रयोगशाळेशी आपल्या महाराष्ट्राचा एक धागा जुळलेला आहे. तो मला ठाऊक नव्हता. मुलीला ठाऊक होता.

डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक. शिक्षण हुजूरपागेत आणि पुढे फर्ग्युसनमध्ये. मुलीने वैद्यकीय शिक्षण घ्यावे आणि डॉक्टर नवराच करावा, अशी वडिलांची इच्छा होती. तिने दोन्ही गोष्टी केल्या नाहीत. लग्न केले ते गणिती जयसिंग रणदिवे यांच्याशी, १९३९ साली. आणि पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातून एम.एस्सी. केले ते सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करून. तेथून मुंबईला येऊन त्या कर्करोगाकडे वळल्या. मी हे त्या घरी वाचून दाखवले तेव्हा मुलीचे वडील प्रथमच हसले. म्हणाले, "म्हणजे हे जुनंच दुखणं आहे."

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ च्या फेब्रुवारीत सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतातील विकृतिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. खानोलकरांची दृष्टी पाहा. १९४५ साली त्यांनी सूर्याबाई या सहकारी संशोधिकेबरोबर एक लेख प्रसिद्ध केला. लोकांच्या सवयी आणि कर्करोग यांचा संबंध हा त्याचा विषय. तंबाखू-चुना ओठात धरणाऱ्यांना खालच्या ओठाचा कर्करोग होतो आणि धोतर कमरेला वर्षानुवर्षे घट्ट आवळून बांधल्याने त्या घासलेल्या कातडीवर कर्करोग होऊ शकतो, असे त्यात दाखविले होते. परदेशी पुस्तकांत हे रोग नव्हते. ते धोतर नेसणाऱ्याच्या कमरेवर होते. माणूस काय नेसतो, काय चघळतो, कशावर निजतो, हे पाहिल्याशिवाय संशोधन होत नाही, हा धडा त्यात आहे. म्हणूनच प्रयोगशाळेत ते जगणे माहीत असलेले कोणीतरी असावे लागते. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

खानोलकरांच्या हाताखाली कमलबाईंनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली आणि नंतर फेलोशिपवर बाल्टिमोरला गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतीसंवर्धनाचे, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढविण्याचे, तंत्र शिकायला आल्या. त्या येथे राहू शकल्या असत्या. परत गेल्या. मुंबईला भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. भारतातील ती पहिली. स्तनाच्या कर्करोगाच्या अभ्यासासाठी उंदरांच्या जाती जोपासल्या, संप्रेरके आणि विषाणू यांचा त्या रोगाशी काय संबंध आहे ते तपासले. १९६६ ते १९७० त्या केंद्राच्या संचालक होत्या. १९८२ साली पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या कुपोषणाचा अभ्यास केला. २००१ साली त्या निवर्तल्या. त्यांच्या पाठीशी फर्ग्युसनचे प्राध्यापक वडील होते. आपल्यापैकी बहुतेकांच्या पाठीशी अक्षर ओळखणारा माणूसही नव्हता. तो फरक मी विसरत नाही. पण ज्ञान कसे हस्तांतरित होते ते येथे दिसते. एका माणसाने दुसऱ्याच्या शेजारी उभे राहून, हाताने, वर्षानुवर्षे शिकावे लागते. गाय यांच्याकडून रणदिव्यांनी असेच शिकून घेतले आणि मग स्वतःचे विद्यार्थी घडवले. कमलबाईंची ती संस्था पुढे टाटा मेमोरियल केंद्रात सामावली आणि आज नवी मुंबईत खारघरला 'अॅक्ट्रेक' या नावाने ओळखली जाते. होमी भाभा राष्ट्रीय संस्थेच्या पीएच.डी.साठी तेथे विद्यार्थी असेच शिकत असतात.

येथील विद्यापीठांतही पद्धत मुळात तीच आहे. पालकांना माहिती असावी म्हणून थोडक्यात सांगते. पहिल्या वर्षी वर्गातील अभ्यास असतो आणि विद्यार्थी काही आठवडे एका प्रयोगशाळेत, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, असा फिरून मार्गदर्शक निवडतो. हा मार्गदर्शक निवडणे लग्नाइतकेच जोखमीचे असते, असे मला एकाहून अधिक विद्यार्थ्यांनी सांगितले. दुसऱ्या वर्षाच्या सुमारास पात्रता परीक्षा; त्यात पाठांतर चालत नाही, स्वतःचा प्रश्न मांडून तज्ज्ञांपुढे त्याचे समर्थन करावे लागते. नंतरची तीन-चार वर्षे प्रयोगांची, आणि ती बहुधा फसलेल्या प्रयोगांची. शेवटी प्रबंध आणि सर्वांसमक्ष मौखिक परीक्षा. त्यानंतरही काही वर्षे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत काढावी लागतात. यात सामान्यतः शिकवणीचे शुल्क माफ असते आणि वर विद्यावेतन मिळते; मेडिकलला जाणाऱ्या मुलांच्या डोक्यावर जे कर्ज होते ते येथे होत नाही. पण डॉक्टरची मिळकतही होत नाही. ज्या घराला मुलाच्या पगाराची तातडीने गरज आहे, त्या घराला मी हा मार्ग डोळे मिटून सांगणार नाही. शिवाय २०२५ साली सरकारी संशोधन-निधीच्या कपातीमुळे अनेक विद्यापीठांनी जीववैद्यकीय शाखांतील पीएच.डी.चे प्रवेश कमी केले किंवा थांबवले, हेही सांगायला हवे. जवळच वॉशिंग्टनला जॉर्जटाऊनच्या लोम्बार्डी कर्करोग केंद्रात, बाल्टिमोरला हॉपकिन्समध्ये असे शिक्षण आहे. बेथेस्डाची राष्ट्रीय आरोग्य संस्था तर येथून तासाभराच्या आतच आहे. आपली बहुतेक मंडळी संगणकाच्या कामासाठी डलेस विमानतळाच्या आसपास स्थायिक झाली. मुलांना पदरात एवढे मोठे दान पडले आहे याकडे आपले लक्ष नाही.

अनेकांनी मला विचारले, "पण बाबासाहेब तर बॅरिस्टर होते ना? म्हणजे व्यावसायिक पदवीच." होते. परंतु १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते प्रथम परदेशी आले ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, अर्थशास्त्राचे संशोधक विद्यार्थी म्हणून. तेव्हा संशोधनाचा मार्ग हा आपल्याला परका नाही.

शिक्षणातला जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो तो वेगळाच आहे. तो म्हणजे स्वतःच्या निष्कर्षावर संशय घेण्याची सवय. याचे उदाहरण पुन्हा हेला पेशींचेच. १९६६ साली स्टॅन्ले गार्टलर या संशोधकाने एका परिषदेत सांगितले की निरनिराळ्या रुग्णांच्या म्हणून वापरात असलेल्या १८ पेशीवंशांत एकाच प्रकारचे एक एन्झाइम सापडते आणि तो प्रकार कृष्णवर्णीयांतच आढळतो. ज्यांचे मूळ रुग्ण गोरे होते त्या पेशींतही तोच प्रकार होता. अर्थ उघड होता. हेला पेशी हाताबरोबर, हवेतल्या थेंबाबरोबर दुसऱ्यांच्या नळ्यांत शिरल्या होत्या आणि तेथील मूळ पेशींना मागे सारून स्वतःच वाढत होत्या. यकृताच्या, स्तनाच्या पेशी समजून लोक वर्षानुवर्षे गर्भाशयमुखाच्या पेशींवर लेख लिहीत होते. सभागृहातील मोठमोठ्या लोकांना हे रुचले नाही, आणि मान्य व्हायला फार वर्षे लागली. आज संशोधक विद्यार्थ्याला सुरुवातीलाच शिकवतात की तुझ्या नळीतल्या पेशी कोणाच्या आहेत ते आधी तपासून पाहा.

'कोणाच्या आहेत' हा प्रश्न मग प्रयोगशाळेतून बाहेर पडला. या गोंधळाचा उलगडा करण्यासाठी १९७३ साली संशोधकांनी हेन्रिएटाच्या मुलांचे रक्त मागितले. तोवर बावीस वर्षे आईच्या पेशी जगभर वाढत आहेत, विकल्या जात आहेत, याचा कुटुंबाला पत्ता नव्हता. आपल्याला कर्करोग आहे की काय हे तपासायला रक्त घेतले, अशी मुलांची समजूत झाली. निकालाची ते वाट पाहत राहिले. निकाल यायचाच नव्हता. २०१३ साली राष्ट्रीय आरोग्य संस्थेने त्या पेशींच्या जनुकीय माहितीच्या वापराबाबत कुटुंबाशी करार केला. २०२३ साली एका मोठ्या कंपनीने वारसांशी तडजोड केली. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात रोअनोकला, जेथे पूर्वी जनरल ली यांचे स्मारक होते, तेथे हेन्रिएटाचा पुतळा उभा राहिला. मी तो पाहून आले आहे. आपण सहलीला जातो, तेव्हा तिकडेही जावे.

एक गोष्ट येथे वगळता येत नाही. वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'मुळे टस्कीगी हे नाव मराठी घराघरांत गेले आहे. पोलिओच्या लसीची १९५४ ची मोठी चाचणी होण्यापूर्वी हेला पेशींची फार मोठ्या प्रमाणावर गरज लागली, तेव्हा त्या वाढविण्याचे केंद्र याच टस्कीगी संस्थेत काढले गेले. तेथे काम करणारे शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ कृष्णवर्णीय होते. देशभर हजारो नळ्या त्यांनी पाठवल्या. आणि त्याच परिसरात १९३२ पासून १९७२ पर्यंत सरकारी आरोग्यखाते शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश उपचार न करता नुसता पाहत बसले होते. एकाच गावात एकाच समाजातील माणसे सूक्ष्मदर्शकाच्या दोन्ही बाजूंना होती.

आता थोडे माझ्याविषयी. बोलताना संकोच वाटतो, पण बोलले पाहिजे.

इंटर्नशिपच्या वेळी स्त्रीरोग विभागात माझ्याकडे संमतीपत्रांचे काम असे. महाविद्यालयाचे नाव घेण्याचे कारण नाही. खेड्यातून आलेल्या बायका रांगेने बसत. मी शाईचा पॅड घेऊन फिरत असे. "इथं अंगठा लावा, बाई." कशासाठी, असे फार थोड्या विचारीत, आणि ज्या विचारीत त्यांना मी म्हणत असे, "तपासणीसाठी." तुकडा कशासाठी काढतात, त्यातला किती रोगाच्या निदानासाठी आणि किती एखाद्याच्या प्रबंधासाठी, हे मी सांगितले नाही, कारण मीही विचारले नव्हते. त्या बायका माझ्याच आया-मावश्या होत्या. माझ्या आडनावावरून त्यांतल्या काहींनी मला ओळखले होते आणि म्हणूनच निःशंक अंगठा दिला होता.

त्याच सुमारास माझी आत्या आजारी पडली. बार्शीकडच्या एका खेड्यात ती राहत असे. पाळी जाऊन वर्षे झाली होती आणि तिला पुन्हा रक्त जाऊ लागले. तिने सुनेलाही सांगितले नाही. जवळच्या एका दवाखान्यात अशक्तपणाच्या गोळ्या मिळत राहिल्या. कोणी तिला तपासले नाही. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात नेले तेव्हा रोग ओटीपोटभर पसरला होता. १९९३ साली ती गेली. मी डॉक्टर झाले म्हणून तिने गावात पेढे वाटले होते. पण तिने मला सांगितले नाही आणि मी तिला कधी विचारले नाही.

हेन्रिएटाचा आणि आत्याचा रोग एकच. जर्मनीत हाराल्ड त्सूर हाउसेन यांच्या प्रयोगशाळेने १९८३-८४ साली दाखविले की पॅपिलोमा नावाच्या विषाणूचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार या कर्करोगात सापडतात. हेला पेशींतही १८ क्रमांकाचा विषाणू होता. या विषाणूची दोन प्रथिने पेशीच्या दोन राखणदारांना निकामी करतात. एक राखणदार पेशीची खराबी दिसली की तिला थांबवतो, दुसरा विभाजनाचे दार बंद ठेवतो. दोन्ही गेले की पेशी बेबंद वाढते. १९५१ पासून वाढणाऱ्या हेला पेशी आजही त्याच दोन प्रथिनांच्या जोरावर जगतात. ती बंद पाडली तर वाढ थांबते. २००८ साली त्सूर हाउसेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूचे रिकामे कवच वापरून लस करता येते, हे दाखविण्यात बेथेस्डाचे डग्लस लोवी आणि जॉन शिलर यांचा मोठा वाटा आहे. जॉर्जटाऊनच्या प्रयोगशाळेचाही आहे. लस २००६ साली आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीला भारतात २०२२ साली मान्यता मिळाली.

बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधील ल्याँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात एक अभ्यास केला. ५२ गावसमूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. चार गट पाडले. तीन गटांत तीन निरनिराळ्या पद्धतींनी तपासणी, चौथ्यात नेहमीची परिस्थिती. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच करावयाच्या गटातील ३४,१२६ स्त्रियांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. ज्यांची तपासणी झाली नाही अशा ३१,४८८ स्त्रियांत ६४. एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे आपल्या धाराशिवच्या बायकांनी साऱ्या जगाला सिद्ध करून दिले. गरीब देशांतील तपासणीची धोरणे ठरविताना हा अभ्यास पुढे ठेवला जातो.

आणि त्या चौथ्या गटाचे काय? तपासणीचा उपयोग होतो हे आधीच माहीत असताना त्यांना तपासणीविना का ठेवले, असा आक्षेप पुढे काही डॉक्टरांनी जाहीरपणे घेतला. अभ्यास करणाऱ्यांचे उत्तर असे की त्या भागात तपासणी मुळातच कोणाला मिळत नव्हती. आम्ही काही काढून घेतले नाही. मी दोन्ही बाजू वाचल्या. अभ्यास करणाऱ्यांनी त्या खेड्यांत जे काम केले त्याविषयी मला आदर आहे. त्यांच्यापूर्वी त्या बायांकडे कोणी फिरकले नव्हते. तरीही माझे मत आक्षेप घेणाऱ्यांकडे झुकते. 'त्यांना नाहीतरी काही मिळत नव्हतेच' हे वाक्य आपण पिढ्यानुपिढ्या निरनिराळ्या तोंडून ऐकलेले आहे. गट पाडणाऱ्या टेबलाभोवती त्या गावांतल्या एखाद्या बाईची लेक, शिकून-सवरून, बसलेली असती तर तिने काय विचारले असते? कदाचित अभ्यास तसाच झाला असता. पण प्रश्न आधी विचारला गेला असता, दहा वर्षांनी नव्हे.

हेच मी त्या मुलीच्या आईवडिलांना सांगितले. वडिलांना म्हणाले, "दादा, तुमच्या बापाला ज्याने हात लावला नाही, त्याच्या जागी बसायला मी गेले. बसलेही. आणि तेथे बसून मी बायकांचे अंगठे न सांगता घेतले. पांढरा कोट घातला म्हणून सर्व झाले असे नाही. तुमची मुलगी जेथे जाऊ म्हणते तेथे ठरते की तुकडा कोणाचा घ्यायचा, काय विचारून घ्यायचा आणि कोणाला तपासणीविना ठेवायचे. तेथे आपले कोणी नाही." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मुलीला म्हणाले, "पगार किती देतील ते आधी विचार." मुलीने विचारले होतेच, आकडा ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला, पण जा म्हणाले.

तिची पात्रता परीक्षा झाली आहे. तिचा विषय गर्भाशयमुखाचाच आहे. पहिल्या वर्षी तिचे चार महिन्यांचे काम वाया गेले, कारण तपासून पाहिले तर पेशी लेबलावर लिहिल्या होत्या त्या नव्हत्या. मला फोन करून रडली. मी तिला गार्टलरची गोष्ट सांगू लागले, तेव्हा रागावून म्हणाली, "मावशी, मीच तुम्हाला ती सांगितली होती."

आता डॉक्टरची वसुली. भगिनींनो, तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येकीने विषाणूची चाचणी दर पाच वर्षांनी करून घ्यावी. २०२४ पासून या देशात दवाखान्यातच, आडोशाला जाऊन, स्त्रीला स्वतःच नमुना घेता येतो. तेव्हा लाजेचे कारण उरले नाही. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले तर त्याच आठवड्यात सांगा. सुनेला सांगा, लेकीला सांगा, मला सांगा. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई-आईंनाही हे विचारा, कारण त्या आपण होऊन सांगणार नाहीत. लस नऊ वर्षांपासून देता येते, आणि ती मुलांनाही द्यायची असते, फक्त मुलींना नव्हे. बंधूंनो, तंबाखूची पुडी खिशात घेऊन आलेले दोघे-तिघे मला दारातच दिसले. त्यांच्याशी मी चहाच्या वेळी स्वतंत्र बोलेन.

मागच्या टेबलावर एक कागद ठेवला आहे. रुग्णालयात संशोधनासाठी संमतीपत्र पुढे आले तर सही करण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत, ते त्या मुलीने आणि मी मिळून सोप्या मराठीत लिहिले आहे. नाही म्हटले तरी उपचार थांबत नाहीत, हे त्यात पहिल्याच ओळीत आहे. दोन प्रती घ्या. एक गावी पाठवा.